मागच्या दाराचा आकडा

ग्रिम्सबीच्या नर्सिंग होममध्ये तिसऱ्या आठवड्यात
दाइवाला इंग्रजी येत होतं ते एवढंच:
चहा, गोळी, उशी, उजव्या कुशीवर वळा,
आणि मागच्या दाराचा आकडा.
बाकीचं ती वहीत उतरवायची,
लिथुआनियातून आणलेल्या चौकटींच्या वहीत.
स्लिप, म्हणजे घसरणं. ओली फरशी, पिवळी पाटी.
अवे, म्हणजे दूर.
दोन्ही शब्द होते तिच्याकडे,
वेगवेगळ्या पानांवर.

बारा नंबरच्या खोलीत सिरिल ब्लँचर्ड.
एकेचाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर,
डाव्या हाताची दोन बोटं कुठल्याशा दोरखंडाला दिलेली.
रोज संध्याकाळी विचारायचे, ओहोटी लागली का?
आणि दाइवा, न कळून, हो म्हणायची.
मग ते चौकड्यांच्या सपाता चढवायचे,
दाराशी जाऊन बटणं दाबायचे:
बायकोचं जन्मसाल,
बोटीचा नंबर,
पुन्हा बायकोचं जन्मसाल.
दार ढिम्म.
उद्या बघू, ते दारालाच म्हणायचे.

नोव्हेंबर. पहाटेचे चार.
मेव्हिस सिस्टर हळू आवाजात म्हणाली,
सिरिल स्लिप्ट अवे.

दाइवानं दोन्ही पानं जोडली.
टॉर्च घेतला. त्यांचा कोट घेतला, स्वतःचा विसरली.
आकडा दाबला आणि धावली.

ओलं गवत. कचऱ्याचे डबे.
डब्यावरचा एक सीगल, झोपमोड झालेला.
तिनं कुंपणावरून वाकून पाहिलं,
खाली गोदीकडे जाणारा रस्ता, पिवळा, रिकामा.
सिरिल! तिनं हाक मारली,
मग मिस्टर ब्लँचर्ड! अशीही मारली,
नुसत्या नावानं ओ देणार नाहीत म्हणून.
सपाता घालून माणूस जाऊन जाऊन जाणार किती?

परत आली ती गुडघ्यापर्यंत भिजून.
बाहेर नाहीत, म्हणाली.

मेव्हिस हसली नाही.
तिच्या हातातला कोट काढून घेतला,
आणि तिला बारा नंबरमध्ये नेलं.
खिडकी चार बोटं उघडलेली.
सपाता पलंगाखाली, जुळवून ठेवलेल्या.
आणि दाइवा,
हे ती पुढे कित्येक वर्षं कुणाला सांगणार नव्हती,
दाइवा आनंदानं ओरडली,
सापडले!

मग चहा टाकताना मेव्हिसनं शब्द फोडून सांगितला.
पळून जाणं नव्हे गं. पोबारा तर नव्हेच.
काढता पाय घेण्यात काहीतरी भानगड असते, तसंही नाही.
बोट दोर सोडते ना धक्क्याचा,
आणि मधे पाण्याची एक पट्टी दिसायला लागते,
अजून उडी मारली तर पोचता येईल एवढी,
ते.
लग्नाच्या जेवणातून यजमानाला न सांगता निघालं, ते.
दुपार गेली, कशात गेली कळलं नाही, तेही.
आणि माणूस गेला तरी?
तरी तेच.
साखर किती?

वहीत दाइवानं दोन शब्दांमध्ये एक रेघ ओढली.
अर्थाची जागा मोकळी सोडली.

आता ती स्वतःच फोन करते,
मुलींना, पुतण्यांना, एकदा ऑस्ट्रेलियातल्या घटस्फोटित नवऱ्याला.
तोच शब्द वापरते, त्याच हळू आवाजात.
पलीकडच्याला लगेच कळतं.
फोन ठेवल्यावर ती एकदा मागच्या दाराकडे बघून घेते,
सवय म्हणा.

परवा मेव्हिसच्या निवृत्तीची पार्टी झाली.
फुगे, कागदी ताटल्या, लिंबाचा केक,
मॅनेजरचं भाषण अर्ध्यावर,
आणि खुर्चीवर नुसतं निळं कार्डिगन.
मेव्हिस कुठंय? कुणीतरी विचारलं.
दाइवा म्हणाली,
मेव्हिस स्लिप्ट अवे.

सगळ्या टेबलाचे चमचे थांबले.

कोट घालून, दाइवा म्हणाली.
केकचे दोन तुकडे घेऊन.
आकडा मीच दाबला.